तात्पुरत्या कामाची हमी नाही

तीर्थरूप दादांस,

वाकणं सध्या बंद असल्यामुळे नमस्कार उभ्याउभ्याच घ्यावा. साष्टांगच घालणार होतो, पण घातल्यावर मला उठवायला माणूस लागतो, आणि तुमची भावजय म्हणते की तिला दुसरीही कामं आहेत. तुमची तब्येत, वहिनींची कंबर आणि दुकानातल्या त्या जुन्या पंख्याची घरघर हे सगळं आहे तसंच असेल, अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल. 'सगळे' या शब्दात मला धरू नये.

पत्रात मी तुम्हांला अहो-जाहो करतो आणि समोर अरे-तुरे, याचं तुम्हांला दर वेळी हसू येतं, हे ठाऊक आहे. बाबांनी लावलेली शिस्त. वडीलधाऱ्यांना पत्रात 'तू' लिहिलं की ते अख्खं पत्र पुन्हा लिहायला लावत. तेव्हापासून हात आपोआप 'तुम्ही' लिहितो आणि तोंड आपोआप 'तू' बोलतं. दोघांनीही एकमेकांशी या विषयावर कधी चर्चा केलेली नाही.

परवा वहिनींचा फोन आला होता. तुमचं एकदम उत्तम चाललंय म्हणाल्या. दुखणं नाही, ताप नाही, आणि डॉक्टरांनीच म्हणे सांगितलं की आता ऑपरेशनची गरज उरली नाही, आत घातलेली ती नळी आपोआप विरघळून जाईल. ऐकून फार आनंद झाला. (या आनंदाकडे मी पुन्हा येणार आहे. तोवर तो ताटाखाली झाकून ठेवा.) मूतखड्याने वाट अडवली, थंडी वाजून ताप आला, म्हणून घाईघाईने तुम्हांला स्टेंट घातला आणि "ताप जाऊ दे, मग खडाही काढू नि नळीही काढू" असं सांगून घरी पाठवलं, ते उन्हाळ्यात. आता स्वेटर बाहेर निघाले. खडा आपल्या घराण्यातलाच म्हणायचा. बाबांना होता, तुम्हांला झाला, आणि वडिलोपार्जित गोष्टींत माझा वाटा उशिरा येतो पण येतो, त्या न्यायाने मलाही मिळाला. सध्या माझ्या पोटातही तुमच्यासारखीच नळी आहे. ती काढून खडा फोडायचा, असं गेल्या आठवड्यात ठरलं होतं. तो फुटला नाही. का फुटला नाही, हीच हकिगत सांगायची आहे.

फोन केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून गल्ल्यावर ठेवता, आणि माझ्या मूत्रमार्गाची कहाणी पाइपाचा पाऊण इंची एल्बो घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने ऐकून त्यावर मत द्यावं, हे मला सोसवत नाही. (गेल्या खेपेला तसंच झालं. मत बरोबर होतं, ही गोष्ट वेगळी.) शिवाय पत्राचं बरं असतं. वाक्याच्या मधोमध उठून जाता येतं आणि समोरच्याला कळतही नाही. उदाहरणार्थ, हे वाक्य लिहिता लिहिता (आलोच.)

(आलो.) तर सुरुवात शिक्षकांच्या बैठकीत झाली. आमच्या मुख्याध्यापिकाबाई मांडत होत्या की सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी स्वखुशीने शाळेत यावं आणि प्रयोगशाळेची कपाटं आवरावीत. 'स्वखुशीने' हा शब्द त्यांनी उच्चारला आणि त्याच क्षणी माझ्या पाठीत कळ निघाली, कुशीला वळसा घालून थेट जांघेपर्यंत उतरली. दादा, तुम्हांला ती कळ माहीत आहे, त्यामुळे वर्णन करत नाही. बसवेना म्हणून मी उभा राहिलो, उभं राहवेना म्हणून टेबलावर मूठ आपटली आणि तोंडातून "नाही! नाही! शक्य नाही!" एवढंच बाहेर पडलं. मग चित्रकलेचे मास्तर उठले नि म्हणाले, "सरांनी सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं." गणिताच्या बाईंनी टाळी वाजवली. ठराव मागे घेतला गेला. मी तोवर खुर्चीखाली होतो. आजही शाळेत मला लढाऊ वृत्तीचा माणूस म्हणून ओळखतात आणि मी कोणाचा गैरसमज दूर केलेला नाही, कारण नोकरीत माझ्या नावावर जमा झालेलं हे एवढं एकच शौर्य आहे.

मग तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, आणि मी आमच्या सर्जनपुढे जाऊन बसलो. सर्जन वयाने माझ्या एखाद्या माजी विद्यार्थ्याएवढे आहेत. (नसावेत. माझे विद्यार्थी इतके वेळेवर कुठे पोचत नाहीत.) त्यांना चित्रं काढून समजवायची हौस. किडनी म्हणजे टाकी, खाली मूत्राशय म्हणजे दुसरी टाकी, मधली मूत्रवाहिनी म्हणजे पाइप, आणि पाइपात हा अडकलेला खडा. मी म्हटलं, माझा थोरला भाऊ आयुष्यभर पाइपच विकतोय. ते खूश झाले. "मग तुम्हांला समजवायला सोपं!" म्हणाले. दादा, त्यांना काय माहीत, की तुमच्या दुकानात बारा वर्षं सुट्टीत बसूनही मला आजतागायत कपलिंग कुठलं आणि रिड्यूसर कुठला हे कळलेलं नाही.

भूल दिली, दुर्बीण घातली, जे काय करायचं ते केलं. शुद्धीवर आलो तर समोर सर्जन. मी विचारलं, "निघाला का खडा?" ते म्हणाले, "खडा नाही निघाला, पण स्टेंट छान बसलाय." आता ह्याला काय म्हणावं? भाडेकरूला घराबाहेर काढायला वकील पाठवावा आणि त्याने त्याच्याच शेजारच्या खोलीत दुसरा भाडेकरू बसवून परत यावं, तसलाच प्रकार. खडा काढायला गेलो आणि एक नग जास्त घेऊन घरी आलो. त्यांनी शांतपणे समजावलं, की तुमची मूत्रवाहिनी अरुंद आहे, दुर्बीण वर चढेना, जबरदस्ती केली तर फाटायची भीती. म्हणून ही नळी आत ठेवली. ती काही दिवस नुसती पडून राहिली की वाट आपोआप सैल पडते, लघवीलाही रस्ता मिळतो, आणि मग पुढच्या वेळी दुर्बीण सरळ वर जाऊन लेझरने खड्याचा भुगा करता येतो. आयुष्यभर तुम्ही सगळे मला संकुचित म्हणत आलात, दादा. आता आत दुर्बीण घालून ते सिद्ध झालं.

नळीचं रूप तुम्हांला सांगायला नकोच, पण कोणीतरी कोणालातरी सांगितलंच पाहिजे. सुतळीएवढी जाड, वीतभर लांब, आणि घसरू नये म्हणून दोन्ही टोकांना डुकराच्या शेपटीसारखी गुंडाळी. वरची गुंडाळी किडनीत, खालची मूत्राशयात. ही खालची शेपटी मूत्राशयाला दिवसभर गुदगुल्या करत बसते, आणि मूत्राशय हा विनोदबुद्धी नसलेला अवयव आहे. त्याला वाटतं आपण भरलोय. तो घंटा वाजवतो. मी धावतो. तिथे गेल्यावर चार थेंब, आणि त्या चार थेंबांसाठी पाठीत अशी तिडीक, की मी घराच्या त्या लहानशा खोलीतल्या नळाला धरून आपल्या सगळ्या पूर्वजांना हाक मारतो. जिना चढला की लघवी लालसर. पाणी प्यावं तर धावावं लागतं, न प्यावं तर सर्जन रागावतात. घराबाहेर पडताना पूर्वी मी रस्ता बघायचो, आता रस्त्यावरच्या सोयी बघतो. या शहरातल्या कुठल्या ग्रंथालयाची, कुठल्या बँकेची आणि कुठल्या दवाखान्याची मागची कडी नीट लागते, याचं माझ्याएवढं ज्ञान आज कोणालाही नसेल. (आलोच.)

(आलो. नळ धरून आलो.) सगळ्यांत मोठा तमाशा परीक्षेत झाला. इतिहासाच्या पेपरला माझं पर्यवेक्षण. विद्यार्थ्याला बाहेर जायचं असेल तर सोबत शिपाई जातो, असा नियम आहे. पर्यवेक्षकालाच जायचं असेल तर कोण जातो, याबद्दल नियम मुके आहेत. पहिल्यांदा मी मोठ्या रुबाबात "कोणी मान वळवायची नाही" असं बजावून गेलो. दुसऱ्यांदा नुसतं बोट दाखवून गेलो. त्यानंतर मी उठलो की वर्गच पुढच्या बाकावरून कुजबुजायचा, "सर, निघा, आम्ही बघतो." आणि त्यांनी बघितलंच. पेपर तपासायला घेतले तेव्हा लक्षात आलं, की अख्ख्या वर्गाने एकाच राजाला दोन वेगवेगळ्या लढायांत ठार मारलंय आणि मधल्या काळात त्याच्याकडून करही वसूल करून घेतलाय. मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. मी खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, इतके दिवस काढता येतात का असे? काढून टाका ना ते एकदाचं." दादा, लोकांना वाटतं आपण हौस म्हणून बाळगलंय.

घरी तर माझा स्टेंट सार्वजनिक झाला आहे. तुमची भावजय तो सगळ्यांना सांगते. खालच्या मजल्यावरच्या आजी रोज जिन्यात विचारतात, "गेला का?" जणू पाहुणा आहे. एकजण म्हणतो काकडीचा रस घ्या, एकजण म्हणतो उड्या मारा म्हणजे खडा सुटेल. शिंप्याकडे पँट सैल करायला दिली, तर त्याने टेप गळ्यात तशीच ठेवून तासभर स्वतःच्या मेहुण्याचा खडा सांगितला. आणि सगळ्यांच्या गोष्टीचा शेवट एकच. "एकदा निघाला ना, की बघा कसं वाटतं!" मी मान डोलावतो. थकलोय हो, दादा. दुखण्याने नाही. दुखणं तर माझं आहे, त्याचं एवढं नाही. लोकांच्या उत्साहाने थकलोय.

आता एक गोष्ट सहज सांगतो. सहज म्हणजे अगदी सहज, तुमच्याशी तिचा काही संबंध नाही. सर्जनच्या टेबलावर, पेनांच्या पेल्याशेजारी, एक काचेची बरणी असते. त्यात काहीतरी पांढरट, खडबडीत, वेडंवाकडं. पहिल्यांदा मला वाटलं समुद्रातलं पोवळं. नंतर वाटलं, की आमचे सर्जन तुमच्या दुकानात येऊन गेले की काय! तुमच्या गल्ल्याशेजारी तो जुन्या पाइपाचा तुकडा असतो ना, आतून क्षार साचून बुजलेला? गिऱ्हाईक म्हणालं, "सध्या एम-सील लावून भागवतो," की तुम्ही तो तुकडा त्याच्या हातात देता आणि म्हणता, "डोळा लावा. पलीकडे कोणी दिसतं का?" आणि मग मागच्या पाटीकडे बोट करता. 'तात्पुरत्या कामाची हमी नाही.' त्या पाटीवर तुमचं दुकान उभं आहे, दादा. मी लहानपणी वाचायला शिकलो तो त्या पाटीवर.

तर ती बरणीतली वस्तू म्हणजे एक स्टेंट होता. सर्जन म्हणाले, "ह्या गृहस्थांना नळी घातल्यावर बरं वाटायला लागलं. दुखायचं थांबलं. मग ते आलेच नाहीत. नळी तात्पुरती असते, ठरलेल्या मुदतीत काढायची असते, नाहीतर तिच्यावरच खडे चढायला लागतात. शेवटी त्यांना आणलं तेव्हा एका खड्यासाठी घातलेल्या नळीचे हे एवढे खडे झाले होते." मी विचारलं, "आणि किडनी?" ते म्हणाले, "एक राहिली."

मी मग सहज, अगदी सहज विचारलं, की नळी आपोआप विरघळते का? सर्जन हसले. मोठ्याने नाही. आपण परीक्षेत मुलाचं उत्तर वाचून हसतो तसे. म्हणाले, "हे तुम्हांला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "असंच, ऐकलं कुठेतरी." तुमचं नाव घेतलं नाही.

असो. आता मूळ हकिगत. ऑपरेशनचा दिवस. आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही, पाणीही नाही. सकाळी दवाखान्यात दाखल झालो. त्यांनी तो मागून बांधायचा झगा दिला. तो झगा ज्याने शिवला त्याला माणसाला मागची बाजू असते हे माहीत नसावं. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त बस कंडक्टर होते, तेही खडेवाले, त्यांना तिसऱ्यांदा स्टेंट. आवाज अजून ड्यूटीवरचा. "घाबरू नका हो," त्यांनी अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं मला सांगितलं, "झोपायचं आणि उठायचं, बस्स. मला एकदाच फक्त मधे जाग आली होती." त्यांना आधी नेलं. मी वाट पाहत होतो. दोन तासांनी ते परत आले ते गुलाबी होऊन, आणि डोळे उघडायच्या आधी म्हणाले, "जेवण कधी आहे?"

आणि इथे घोटाळा झाला. सांगायलाही लाज वाटते, पण हात सवयीचा गुलाम असतो. तुमची भावजय सिस्टरशी काहीतरी बोलायला गेली होती. तेवढ्यात नातेवाइकांसाठी चहावाला किटली घेऊन आला. वाफाळलेला चहा, वर सायीचा पातळ पदर, आल्याचा वास, शेजारी बशीत दोन बिस्किटं. मी विचार न करता कप उचलला, बिस्किट बुडवलं, ते नेहमीप्रमाणे अर्ध्यावर तुटलं, बोटाने काढलं, खाल्लं, आणि शेवटच्या घोटाला लक्षात आलं, अरे! आपण तर उपाशी आहोत! एवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्याच. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं?" खोटं बोलावं तर भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जायचं, हे मला ठाऊक होतं. सांगितलं, "चहा. एक कप. दुधाचा. आणि बिस्किट." बाईंनी पेन मिटलं. म्हणाल्या, "आज होणार नाही." सर्जन आले, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की शाळेत मी ज्यांच्याकडे असं पाहत आलो त्या सगळ्यांची मला एकदम कीव आली. नवी तारीख दिली. सोमवार. झगा काढला, पँट घातली, आणि स्टेंटसकट घरी.

घरी आल्यावर चपला काढताना तुमच्या भावजयीने एवढंच विचारलं, "कपातून प्यायलात की ग्लासातून?" मी म्हटलं, "ग्लासातून." ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. (बायकांना असले तपशील कशाला लागतात, हे मला अजून कळलेलं नाही.)

तर अशी ही हकिगत. नळी आहे, खडा आहे, मी आहे, आणि आम्हां तिघांचं एकमेकांशी बरं चाललेलं नाही. तुमचं मात्र सगळं उत्तम आहे, हे ऐकून समाधान वाटतं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुम्हीही पाणी भरपूर पीत जा. थंडीत माणूस विसरतो.

तुमचा धाकटा,
(दर पाव तासाने उपलब्ध)

ता.क. पाकीट चिकटवता चिकटवता तो झाकून ठेवलेला आनंद आठवला. वहिनींच्या फोनमध्ये आणखीही काही होतं. म्हणाल्या, हल्ली तुम्ही पाइपाचा गठ्ठा उचलत नाही, बाजूला उभं राहून "सावकाश, सावकाश" म्हणता. दुपारी शटर अर्धं ओढून आत आडवे होता. लघवी कधी लालसर होते, तर "ऊन लागलं" म्हणता. स्वेटर घालून ऊन लागलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आणि ते डॉक्टर, ज्यांनी नळी विरघळेल म्हणून सांगितलं, ते कोण? वहिनींना नाव माहीत नाही. त्यांचा दवाखाना कुठे, माहीत नाही. वहिनींना सोबत नेलं नव्हतंत, कारण म्हणे दुकानात त्यांनी बसायला हवं होतं. वहिनींना हे सगळं पटलं, कारण त्या तुमच्यावर विश्वास ठेवतात. मला पटलं नाही, कारण मी तुमचा भाऊ आहे.

ता.क. दुसरा. खोटं मला इतक्या लांबून कसं ओळखू आलं, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. त्या दिवशी मी चहा प्यायलो नव्हतो.

चहावाला आलाच नव्हता. त्या मजल्यावर तो येतच नाही, किटलीला परवानगी नाही, हे तुमच्या भावजयीला कंडक्टरच्या मंडळींनी आधीच सांगितलं होतं. साय, आलं, तुटलेलं बिस्किट, सगळं मी स्वतः खाटेवर बसून तयार केलं. भूकही होती, त्यामुळे चांगलं जमलं. डॉक्टरबाईंना कप सांगितला आणि घरी ग्लास. इतिहासाचा मास्तर, आणि पुराव्यात मार खाल्ला.

ता.क. तिसरा. दादा, आता 'तुम्ही' लिहवत नाही. बाबा पुन्हा लिहायला लावणार असते तर लिहिलं असतं.

कंडक्टरना नेताना त्यांच्या ढकलगाडीचं एक चाक किरकिरत होतं. तेच, तसंच. बाबांना नेलं तेव्हा आपण दोघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो. ते चाक किरकिरत दारापलीकडे गेलं, आणि तू मला म्हणालास, "तासाभरात येतील." मग आपण बसून राहिलो. तेव्हा दुर्बीण नव्हती, लेझर नव्हतं, पोट उघडायचे, आणि आता सगळं वेगळं आहे, हे मला सर्जनने सांगितलंय, भूल देणाऱ्या बाईंनी सांगितलंय, कंडक्टरनी तर गुलाबी होऊन दाखवलंय. पटतंही. फक्त चाक ऐकू आलं आणि तोंडातून चहा निघाला. तुझ्याही तोंडातून असाच एक डॉक्टर निघाला असणार. आपलं घराणं एका बाबतीत पक्कं आहे, खडा एक वेळ कोणाला चुकेल, हे चुकणार नाही.

म्हणून एक विनंती. मी सर्जनना तुझ्याबद्दल सांगितलंय. (नाव घेतलं नाही म्हणून वर लिहिलंय. तेव्हा घेतलं नव्हतं. काल फोन करून घेतलं.) ते हसले नाहीत या वेळी. म्हणाले, "त्यांना सोमवारी सकाळीच घेऊन या, आधी फोटो काढून बघू नळीवर काय चढलंय ते. लवकर." तेव्हा रविवारी निघून ये. वहिनींना सांग, की धाकटा घाबरलाय, त्याच्या सोबतीला जातोय. मी इथे सांगतो, की दादा घाबरलाय, त्याला सोबतीला बोलावतोय. दोघंही खरं बोललो असं होईल, आणि दोघांचीही इज्जत राहील. तुझा फोटो झाला, की सोमवारी तू माझ्या बाहेरच्या बाकावर बस. मी तुझ्या वेळी बसेन. मला आत नेताना चाक किरकिरलं तर काही समजवायला जाऊ नकोस. तेव्हा जे म्हणाला होतास, तेवढंच म्हण. या वेळी ते खरं ठरेल.

गल्ल्यावरचा तो पाइपाचा तुकडा आणू नकोस. त्यांच्याकडे बरणी आहे.

ता.क. शेवटचा. तपासणीच्या दिवशी उपाशी यायला सांगितलं तर उपाशी ये. आणि चहा प्यायला नसशील, तर प्यायलो म्हणून सांगू नकोस. ते माझं सांगून झालंय.